वाचत नाही

नवी डिस्क बसवली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.
दहा स्क्रू स्टीलच्या ताटलीत ठेवलेले,
परत लावताना भरले नऊ.
पाचशे जीबीच्या जागी एक टीबी.
जुनी सारखी अडकायची, फाईल उघडता उघडता
डुलकी लागल्यासारखी थांबायची,
म्हणून तिला निवृत्त केलं, रुमालात गुंडाळून खणात.

रात्रभर जुनीवरून नवीवर उतरत होत्या
पुरंदरच्या एकशे बारा विहिरी.
अकरा वर्षांची पाणीपातळी, दर मे, दर ऑक्टोबर,
कठड्यावर पोट टेकून, टेप सोडून, मी मोजलेली.
नव्व्याण्णव टक्क्यांवर चाळीस मिनिटं गेली.
मग शंभर. धनकवडीत दूधवाला यायची वेळ.

तिसऱ्या दिवशी परिंच्याची सदतीस नंबरची विहीर उघडली
आणि यंत्र म्हणालं, वाचता येत नाही.
पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.
वाचत नाही, वाचत नाही.
आमच्या भाषेत हे वाक्य दवाखान्याच्या जिन्यातही बोलतात,
म्हणून मी ते मोठ्याने उच्चारलं नाही.

तपासणी लावली. पाच टप्पे, चौथ्यावर तीन तास.
खराब सेक्टर आठ.
दुसऱ्यांदा चौदा.
तिसऱ्यांदा एकही नाही,
आणि मी जास्त घाबरले.
शंतनू म्हणाला, फॉरमॅट मार.
भावजी म्हणाले, हल्ली माल असाच येतो.
दुकानदाराने कुरकुर न करता डिस्क बदलून दिली,
पुण्यात असं होतं कधीकधी.
दुसरी नवी. दुसरी रात्र. परत सदतीस नंबर.
आजाराच्या तक्त्यात सगळे रकाने शून्य,
फक्त एकशे नव्व्याण्णवावा रोज थोडा वाढत होता,
त्याचं नाव वाचून मला काही कळलं नाही.

तपकीर गल्लीत, जिन्याखाली,
एका स्टुलाएवढी जागा मुनाफ तांबोळींची.
तक्ता पाहिला, एकशे नव्व्याण्णवाशी बोट थांबलं.
मागचं झाकण काढलं, डिस्क बाजूला ठेवली,
तिच्याकडे पाहिलंही नाही.
चिमट्याने उचलली एक काळी पट्टी,
बोटाएवढी रुंद, कागदाएवढी जाड,
एका कोपऱ्यात मुडपलेली.
"घडीत धूळ बसलीये मॅडम. जुनी घडी आहे ही.
आधीची डिस्कपण अडकायची का?"
म्हटलं, म्हणून तर बदलली.
त्यांनी भिंगावरून माझ्याकडे पाहिलं,
आणि पुढचं वाक्य माझ्यावर सोडलं.

केबल दोनशे ऐंशी रुपये.
आतून माझा दहावा स्क्रूही निघाला,
तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला,
लहान मुलाचा दात ठेवावा तसा.

बसमध्ये आठवला परिंच्याचा अंकुश शेडगे.
मोटर पाणी ओढेना म्हणून त्याने विहीर
आणखी दोन परस खणली होती,
आणि दोष होता फूटव्हॉल्व्हमध्ये, चेंडूएवढ्या.
काठावर बसून मी पोट धरून हसले होते,
आणि त्यानेच मला चहा दिला होता.

सदतीस नंबर उघडली. मे दोन हजार सोळा:
तळ दिसतो. टेपला ओल नाही. एक कासव.
हे कासव मी लिहिलं होतं?
अहवालात ते कधी गेलं नाही, रकानाच नव्हता.

रात्री खणातून जुनी काढली, रुमाल सोडवला,
बाहेरून जोडली.
एका दमात सगळं वाचून दाखवलं तिने,
एकशे बारा, एकही न अडखळता.
आता तिला परत आत बसवायचं
की नवीला राहू द्यायचं, हे ठरत नाहीये.
दहावा स्क्रू ताटलीत आहे.
रुमाल मी धुवायला टाकला.